तिसऱ्या पानावरची सही

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज उलटून पाहिला, पालटून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "तिसऱ्या पानावर वराची सही नाही."

"पहिल्या पानावर आहे. दुसऱ्यावर आहे. चौथ्यावर तर दोनदा आहे," ती म्हणाली.

"मी तिसऱ्याबद्दल बोलतोय."

या माणसाशी तिची जुनी ओळख होती. लग्नाची नोटीस द्यायची ही तिची तिसरी वेळ. पहिल्या वेळी वराच्या आत्याचा पाय मोडला आणि मुदत टळून गेली. दुसऱ्या वेळी वराने तारीख चुकीच्या महिन्यात टिपून ठेवली होती. तो अगदी वेळेवर आला, पण महिनाभर उशिरा. आता तिसऱ्या नोटिशीचे एकोणीस दिवस उरले होते आणि तिसऱ्यांदा नोटीस बाद झाली की वर्षभर नवीन अर्ज घेत नाहीत, हे कारकुनाने तिला फळ्यावरचा सुविचार वाचावा तसं शांतपणे वाचून दाखवलं.

"वराला बोलवा. किंवा पान घेऊन जा. सही करा, सरकारी अधिकाऱ्यासमोर करा, त्याचा शिक्का घ्या आणि आणून द्या. त्यात काय आहे?"

त्यात बरंच होतं. वर त्या वेळी डोंगरात होता.

वर हा जमीन मोजणी खात्यातला मोजणीदार. मनुष्य सज्जन, हुशार, आणि कमालीचा सावकाश. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिथे हा चष्मा घ्यायला आला आणि फ्रेम पसंत करायला तीन आठवडे येत राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्याने फ्रेमही पसंत केली आणि तिलाही. तिच्या घरचे त्याला 'सावकाश' असंच म्हणत. तिला घरात 'खुंटी' म्हणत, कारण लहानपणापासून तिला कुणी हलवायला गेलं की ती आणखीच घट्ट बसायची. वडील तर म्हणत, "तिला नको म्हणू नका. हलवून खुंटी बळकट कशाला करायची?"

तेव्हा खुंटी ते पान घेऊन निघाली. आधी तिने ते टपालाने पाठवून पाहिलं होतं, कारण पानात काहीतरी राहिल्याचं तिला आधीच दिसलं होतं. पाच आठवड्यांनी पाकीट परत आलं. वर शिक्का: 'शिबिर हलले.' म्हणून, कुणाच्या लक्षात येणार नाही या आशेवर, तिने अर्ज तसाच पुढे केला होता. आता ती थेट मोजणी खात्याच्या कचेरीत गेली. तिथला साहेबांचा कारकून दयाळू निघाला. त्याने तिला खुर्ची दिली, आणि मग बातमी दिली.

"शिबिराची जागा बंदिस्त हद्दीत आहे. धरणाचं काम. बाहेरच्या माणसाला मज्जाव."

"नातेवाइकांना?"

"पत्नीला दरवाज्यावर भेटता येतं. पहिल्या रविवारी. लग्नाचा दाखला दाखवून."

"दाखला मिळायला त्याची सही हवी. सही मिळायला त्याला भेटायला हवं. भेटायला दाखला हवा."

कारकुनाने डोळे मिटून हे सगळं मनात एकदा फिरवून पाहिलं. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "कुठेच चूक नाही."

बाहेर पडताना तिला भिंतीवर कागद दिसला. शिबिरासाठी पट्टीवाले नेमणे आहेत. पट्टी म्हणजे आकडे रंगवलेली उंच फळी. मोजणीदार दुर्बिणीतून बघत असतो तेव्हा समोर दूरवर एक माणूस ती उभी धरून ठेवतो. तो पट्टीवाला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'फक्त पुरुषांनी अर्ज करावेत.'

तिने तो कागद दोनदा वाचला. आत जाऊन तिने अर्जाचा नमुना मागितला आणि भावासाठी हवाय असं सांगायला तोंड उघडलं. पण कारकुनाने काही विचारलंच नाही, त्यामुळे ते खोटं तिच्या तोंडातच राहिलं.

घरी हे ऐकून वडिलांना पहिला धक्का वेगळाच बसला. "माझी मुलगी पट्टेवाला होणार?"

"पट्टेवाला नाही, पट्टीवाला."

वडील निवृत्त शिक्षक होते आणि चाळीस वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं होतं. एका वेलांटीचा फरक ते कधीच किरकोळ मानत नसत. त्यांनी अर्ज हातात घेतला आणि लाल पेन शोधलं. "खोटं काही लिहायचं नाही," ते म्हणाले. "तेवढी एक अट."

आश्चर्य असं, की खोटं काही लिहावंच लागलं नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, उंची, लिहिता-वाचता येतं का. स्त्री की पुरुष हा रकानाच नव्हता. पुरुषांनीच अर्ज करायचे असल्यावर विचारायचं कशाला, असं छापणाऱ्याला वाटलं असावं. तिने नावाच्या जागी आद्याक्षर घातलं, आडनाव लिहिलं. वडिलांनी पूर्णविराम दिला.

आता बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? समोरच्या काकू वाटी मागायला आल्या आणि दोन तास बसल्या.

"पुरुष होणं काही अवघड नाही गं," काकू म्हणाल्या. "बसताना जागा जास्त घ्यायची, जेवण झालं की ताट जागेवर सोडायचं, आणि एखादी वस्तू सापडत नसली तर शोधायची नाही, विचारायची. आमच्याकडे एकोणचाळीस वर्षं एवढ्यावर चाललंय."

वरच्या मजल्यावरचे नाटकवाले काका जिन्यातून पेटी घेऊनच उतरले. एके काळी ते हौशी नाटकमंडळीची रंगभूषा करत. पेटीत अकरा मिशा होत्या. त्यांनी एकेक तिच्या ओठावर धरली आणि मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं.

"ही सेनापतीची. नको, घोड्याशिवाय शोभत नाही. ही सावकाराची. हिच्यात तू कुणालाही फसवशील, पण कुणी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. ही घे. ही दुसऱ्या अंकात येऊन निरोप सांगणाऱ्या माणसाची."

"फार साधी आहे," आई म्हणाली.

"त्या माणसाकडे कुणी बघत नाही. तेच तर हवंय," काका म्हणाले. डिंकाची बाटली देताना त्यांनी बजावलं, "घाम आला तर सुटते. हसलीस तर सुटते. बाकी भरवशाची आहे."

खरी अडचण मात्र वडिलांनी ओळखली. "मिशीने काय होतंय? तू तोंड उघडलंस की क्रियापद सांगणार. मी आले, मी गेले, मी बसते. संपलं."

दोन दिवस शिकवणी चालली. वडील खडू घेऊन स्वयंपाकघराच्या दारावर लिहीत. ती "आलो, गेलो, बसलो" म्हणत घासलेली भांडी मांडी. दहातल्या तीन वेळा चुकायची. शेवटी वडिलांनी डोक्याला हात लावला, आणि त्या लावलेल्या हातानेच त्यांना युक्ती सुचली.

"तू कर्ता होऊच नकोस," ते म्हणाले. "'मी जेवलो' नाही, 'मी जेवले'ही नाही. 'जेवण झालं.' 'मी दमलो' नाही. 'दमायला झालं.' मी काम केलं, हे चालेल, तिथे क्रियापद कामाकडे बघतं. अख्खी भाषा नपुंसकलिंगात ढकल. कुणाला काही कळणार नाही."

केस आईने कापले. शिवणाच्या कात्रीने, मागून पुढे. कापलेली वेणी तिने जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळली. मग एकदम विचारलं, "सही करेल ना तो?"

खुंटी म्हणाली, "विसरला असेल."

"एवढा मोजून-मापून वागणारा माणूस? चार पानांतलं एकच नेमकं विसरला?"

तीच शंका खुंटीच्या मनात पहिल्या दिवसापासून बसली होती, आणि त्या शंकेला मिशी लावून लपवायची सोय नव्हती. "ते विचारायलाच जातेय," ती म्हणाली. वडील आतून ओरडले, "जातोय."

खात्याच्या डॉक्टरांनी तपासणी डोळ्यांपासून सुरू केली. पट्टीवाल्याला आकडे दिसायला हवेत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. आता हा तक्ता खुंटी गेली नऊ वर्षं रोज गिऱ्हाइकांना दाखवत होती. डॉक्टरांनी दिवा लावायच्या आत तिने शेवटची ओळ म्हणून टाकली.

"अजून दिवा लागला नाही," डॉक्टर म्हणाले.

"दिसलं," ती म्हणाली.

डॉक्टर इतके खूश झाले की छातीचं माप त्यांनी स्वेटरवरूनच घेतलं, जीभ पाहिली आणि 'नजर असामान्य' असा शेरा मारला.

सामानाच्या ट्रकमधून दीड दिवस धक्के खात ती शिबिरात पोचली. दरवाज्यावर पाटी होती: महिलांना प्रवेश नाही. ती तिच्याखालून आत गेली आणि पहिली गोष्ट तिला कळली ती ही, की सावकाश इथे नाही. तो वरच्या शिबिरात आहे, खिंडीपलीकडे, चार तासांच्या चढावर. हे खालचं शिबिर. वर माणसं मुकादम पाठवतो, गरज लागेल तशी.

मुकादम जाड आवाजाचा, पण मनाने साधा माणूस. "राहायचं कुठे?" हा प्रश्न तिला घरापासून छळत होता. तो मुकादमानेच सोडवला: सामानाचा तंबू गळतो म्हणून तिथे कुणी झोपत नाही, राखणीला माणूस हवा. "चालेल," ती म्हणाली. तिच्यापुढे आलेलं हे पहिलंच सरकारी काम, जे मागण्याआधी झालं.

पट्टी धरण्याचं काम दिसतं सोपं. फळी उभी धरायची, हलायचं नाही. पण वारा असतो, खाली खडक असतो, नाकावर माशी असते. खुंटीला मात्र न हलण्याचा आयुष्यभराचा सराव होता. पहिल्या दिवशी सगळ्यांची पट्टी डुलत होती, हिची देवळाच्या खांबासारखी उभी. संध्याकाळी मुकादमाने विचारलं, "दमलास का?"

"दमायला झालं."

"जेवलास?"

"जेवण झालं."

"उद्या येशील ना नदीकडे?"

"येणं होईल."

तिसऱ्या दिवसापासून शिबिरात तिला 'झालंभाऊ' म्हणू लागले. कमी बोलणारा माणूस फार विचारी असतो असा पुरुषांमध्ये समज आहे. दोघेजण तर तिच्याकडे सल्ला मागायला आले. एकाला भावाशी बोलणं सोडायचं होतं. ती म्हणाली, "बोलून बघावं." तो डोळ्यांत पाणी आणून परत गेला.

एकदाच घसरगुंडी झाली. दुपारी दुरून मुकादमाने हाक मारली, "ए, कुठे आहेस?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आले." मागचे चौघे वळून बघायला लागले. ती शांतपणे त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आले. सगळे आले." मुकादमाने माणसं मोजली आणि बरोबर आहे म्हणाला.

मिशीचा त्रास वेगळाच. उन्हात डिंक पातळ व्हायचा आणि मिशी हळूहळू उजवीकडे सरकायची. दुपारपर्यंत ती गालाच्या वाटेला लागलेली असे. कुणी काही बोलत नसे. दुसऱ्या अंकातल्या निरोप्याकडे कुणी बघत नाही, हे काकांचं म्हणणं खरं असावं, अशी तिने समजूत करून घेतली.

पण दिवस चालले होते. नऊ उरले, आठ उरले. तिने मुकादमाला सांगितलं, "वर जायचं आहे."

"छे. तुझ्यासारखा माणूस मी वर पाठवीन? वर मी बिनकामाचे पाठवतो."

आता आली का पंचाईत? चांगलं काम केलं म्हणून घोडं अडलं. मग वाईट काम करायचं. हे ठरवायला तिला एक मिनिट लागलं आणि करायला दोन दिवस, कारण हात ऐकेनात. पहिल्या दिवशी तिने पट्टी मुद्दाम वाकडी धरली. वाऱ्याची झुळूक आली आणि ती सरळ झाली. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी खाली पाडली. ती एका सापाच्या अगदी पुढ्यात पडली, साप पळाला, आणि मोजणीदाराचा पाय वाचवल्याबद्दल सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटण्यात आली. थोपटीने मिशी हलली. ती तंबूत जाऊन बसली. काच घासताना आजवर तिच्या हातून एक भिंग वाकडं गेलं नव्हतं, आणि आता वाकडेपणासाठी जीव तोडायची वेळ आली होती. तिसऱ्या सकाळी तिने दात ओठ खाऊन पट्टी चक्क उलटी धरली, आकडे खाली डोकं वर पाय. दुपारपर्यंतचं सगळं मोजमाप वाया गेलं. मुकादम आला, बघितलं, आणि मायेने म्हणाला, "ऊन लागलं तुला. वर हवा गार आहे. जा."

अपमान झाला, पण पाच दिवस हातात होते.

वर जाताना बरोबर आचारी होता, वरच्या शिबिराचं सामान घेऊन निघालेला. अर्ध्या चढावर दम खायला बसले तेव्हा तो म्हणाला, "मिशी सरळ करून घ्या. वरचे लोक बघणारे आहेत."

तिने आधी मिशी सरळ केली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," तो म्हणाला. "तुम्ही आपलं ताट विसळून पालथं घातलंत. पंधरा वर्षांत या शिबिरात एकानेही घातलं नव्हतं. मला तीन मुली आहेत, बाई. कुठे निघालात ते विचारणार नाही."

तिने सांगितलंच. सगळं, तिसऱ्या पानासकट. आचाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो मोजणीदार? तो चहात साखर घालायची की नाही यावर विचार करतो, तोवर चहा गार होतो. पण माणूस वाईट नाही."

दुसऱ्या सकाळी तिला समोरच्या उतारावर पट्टी घेऊन उभं केलं. तीनशे पावलांवर, दरीच्या पल्याड, तिपाईवर दुर्बीण होती आणि दुर्बिणीमागे तो. तीच थोडी वाकलेली पाठ, तीच तिने बसवलेली चष्म्याची फ्रेम. तो कामात होता. हाताने त्याने खूण केली, डावीकडे. ती सरकली. आणखी थोडं. ती सरकली. मग तो वाकून बघू लागला.

ती दुर्बीण जुन्या घडणीची होती. तिच्यातून सगळं उलटं दिसे. बारा वर्षं तो माणसं खाली डोकं वर पाय अशीच बघत आला होता, त्यामुळे मिशी त्याला कपाळावरच्या कुंकवासारखी कुठेतरी भलतीकडे दिसली, आणि उरलेला चेहरा जसाच्या तसा. हे त्याने तिला पुढे सांगितलं. त्या वेळी तिला दिसलं ते एवढंच: तो सरळ झाला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाकला. पुन्हा सरळ झाला. मग तिपाई, वही, पेन्सिल सगळं तिथेच टाकून सावकाश धावत सुटला. आयुष्यात त्याला धावताना तिने कधी पाहिलं नव्हतं. धावणं त्याला येत नव्हतं. दोनदा पडला.

समोर येऊन तो थांबला, श्वास घेतला, आणि म्हणाला, "मिशी तिरपी आहे."

"ठाऊक आहे."

"तू इथे कशी?"

तिने अंगरख्याच्या आतून पान काढलं. घामाने त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. बोलायची तिने पंधरा दिवस तयारी केली होती. नोटीस, मुदत, कारकून, सगळं क्रमाने. त्यातलं काहीच आलं नाही. "यावर सही का नाही केलीस?" एवढंच तिने विचारलं, आणि आवाज तिला हवा होता तितका जाड राहिला नाही.

त्याने पान घेतलं. ओळींवरून फिरणारं त्याचं बोट एका रकान्यापाशी थांबलं. ती पट्टी धरून उभी होती, आणि पट्टी पहिल्यांदाच हलत होती.

"यात कायमचा पत्ता विचारलाय," तो म्हणाला.

"मग?"

"मला नाही. दर चार महिन्यांनी माझा तंबू हलतो. सही करायला बसलो आणि हा रकाना दिसला. म्हटलं, हिला कुठे नेणार आहोत आपण? जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, अशी मला सवय. म्हटलं, नीट विचार करून लिहू. पान बाजूला ठेवलं आणि निघायच्या गडबडीत गठ्ठ्यात तसंच गेलं. मग तुला पत्र लिहायला घेतलं. चार पानं झालीत. अजून मुद्द्यावर यायचोय."

"मला वाटलं, तुला नकोय."

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. आईजवळ नाही, आचाऱ्याजवळ नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

त्याला हे ऐकून खरोखर लागलं. "फक्त पत्ता नव्हता गं," तो म्हणाला. "बाकी सगळं होतं."

तिने नाक पुसलं. मिशी हातात आली, ती परत चिकटवून तिने विचारलं, "पेन आहे?"

"आहे. पण पत्ता?"

"लिही. पत्ता तात्पुरता, बदलेल तसा कळवण्यात येईल."

तो विचारात पडला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "हे अचूक आहे," तो म्हणाला.

पण नुसत्या सहीने भागत नव्हतं. सही अधिकाऱ्यासमोर हवी होती, आणि अधिकारी म्हणजे शिबिराचे साहेब. आचाऱ्याबरोबर दोघे खालच्या शिबिरात उतरले; साहेब फेरीवर होते, दोन दिवसांनी आले. तोवर मुदतीचे दोन दिवस उरले होते आणि खाली जाणारा ट्रक दुपारी सुटणार होता. साहेबांचे केस पांढरे होते आणि नियमांची वही काळी. त्यांनी पान पूर्ण वाचलं.

"दोन्ही अर्जदार समक्ष हजर असावेत, असं खाली छापलंय," ते म्हणाले. "वर हजर आहे. वधू?"

खुंटी पुढे झाली आणि मिशीला हात घातला. पंधरा दिवस जी मिशी नुसत्या श्वासाने सुटत होती, ती आज सुटेना. ओढली, तर ओठ आला. शेवटी आचारी कोमट तेलाची वाटी घेऊन आला आणि साहेबांच्या साक्षीने मिशी इंचाइंचाने उतरली.

साहेबांनी हे सगळं पाहिलं आणि वही मिटली. "माझ्या शिबिरात बाई नाही," ते म्हणाले. "असू शकत नाही. म्हणजे आत्ता मी कुणाला पाहिलेलं नाही. आणि न पाहिलेल्या माणसाच्या हजेरीवर मी शिक्का मारणार नाही."

"शिबिराबाहेर माराल?" तिने विचारलं.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाहेर नियम नाही," ते सावधपणे म्हणाले.

मग सगळे हद्दीकडे निघाले. साहेब, सावकाश, आचारी, दोन मोजणीदार आणि काम सोडून आलेले बाकीचे. हद्दीचा दगड सापडला, पण एक मोजणीदार म्हणाला हद्द दगडाच्या मधून जाते, दुसरा म्हणाला बाहेरच्या कडेवरून. वीतभराचा प्रश्न. दोघांनी दुर्बिणी आणल्या. साखळी आणली. मागच्या वर्षीचा नकाशा आणला. त्यात दगडच नव्हता. सावकाश तर गुडघ्यांवर बसून तिसऱ्यांदा मोजत होता. खाली ट्रकचा भोंगा वाजला.

"बास," खुंटी म्हणाली. ती दगड ओलांडून पुढे गेली, वीस मोठी पावलं टाकली, आणि वळून उभी राहिली. "आता कुठलीही दुर्बीण लावा. मी बाहेर आहे."

यावर दोन्ही मोजणीदारांचं एकमत झालं.

साहेब बाहेर आले. आडव्या धरलेल्या पट्टीवर कागद ठेवून सावकाशने सही केली, साहेबांनी शिक्का मारला, आणि मग तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला, कारण हजेरीपटावर झालंभाऊ अजून आतच होता. सही झाल्यावर ते म्हणाले, "पट्टी चांगली धरत होता तो." तिला बरं वाटलं. आजवर तिच्या कामाची एवढी मोठ्या हुद्द्याच्या माणसाने कदर केली नव्हती.

ट्रकचा पट्टा वाटेत दोनदा तुटला. ती कार्यालयाच्या खिडकीशी पोचली तेव्हा घड्याळात पाच वाजायला अकरा मिनिटं होती आणि कारकून टेबल पुसत होता. त्याने पान उजेडात धरलं.

"शिक्क्यावर तेलाचा डाग आहे."

"आहे."

"डाग चालत नाही."

"नियम दाखवा."

त्याने वही काढली. पान पान चाळलं. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. उन्हाने चेहरा काळवंडलेला, डोक्यावर आखूड केस, आणि नाकाखाली मिशीएवढा गोरा पट्टा. तो काहीतरी विचारणार होता. पण त्या चेहऱ्यात असं काहीतरी होतं की त्याने शिक्का उचलला आणि मारला.

अर्ज मुदतीत पुरा झाल्यामुळे तारीख मिळाली; लग्न अकराव्या दिवशी झालं. सावकाशला दोन दिवसांची रजा मिळाली होती. वडील नवा सदरा घालून, आई, समोरच्या काकू आणि नाटकवाले काका साक्षीदार म्हणून. निबंधकांनी मोठी नोंदवही उघडली. सावकाशने सही केली. त्याच्या मानाने पटकन केली. मग पेन तिच्याकडे आलं.

आणि तिचा हात थांबला.

कुणीच काही म्हणत नव्हतं. हरकत नव्हती, रकाना कमी नव्हता, डाग नव्हता. इतके दिवस समोर कुणी ना कुणी 'नाही' म्हणायला उभं होतं, आणि ढकलायला काही असलं की तिला बळ यायचं. आता समोर नुसती एक रिकामी रेघ होती आणि तिच्यापुढे सगळं आयुष्य. वडिलांनी घसा खाकरला. काकूंनी आईचा हात धरला. निबंधकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर दुसरी मंडळी थांबलीत."

सावकाशने बाजूची खुर्ची ओढली, तिच्या जवळ घेतली आणि अगदी आरामात बसला.

"थांबू देत," तो निबंधकांना म्हणाला. "तिने माझ्यासाठी चार वर्षं काढलीत." मग तिच्याकडे वळून, हळू आवाजात, "तुला लागेल तेवढा वेळ घे. मी इथेच आहे."

ती हसली, मनापासून, ओठ ताणून, आणि वाकून पूर्ण नावाची सही केली.